मोहोळाचा वाटा

पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं, की कोरेगाव भीमा ओलांडल्यावर आणि शिक्रापूर यायच्या आधी सणसवाडी लागते. आज इथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची आवारं, कंटेनरच्या रांगा, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी आणि भाड्याच्या खोल्यांचे मजल्यावर मजले दिसतात. माझ्या लहानपणी याच पट्ट्यात खरिपाला बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बीला शाळू असायचा. शाळवाच्या कडेनं करडईचे पाट, बांधाला बोरी-बाभळी आणि रस्त्याला वडा-चिंचांची सावली. करडई पिवळी फुलायला लागली, की चिंचेच्या आडव्या फांदीला आग्या मोहोळ लागलंच म्हणून समजायचं. बोरीच्या जाळीत, तळहातापेक्षा थोडं मोठं, फुलोरी माशीचं मोहोळ तर गुराख्याच्या पोरांनाही ठाऊक असायचं.

गावात मधमाश्या कोणी पाळत नव्हतं. पेटी नावाची वस्तू आम्ही पाहिली नव्हती. तरी मधमाश्यांशी कसं वागायचं याचे नियम होते आणि ते सगळ्यांना पाठ होते. कुठं लिहिलेले नव्हते, पण मोडले तर पारावर विचारणा व्हायची.

पहिला नियम वाट्याचा. झाड ज्याच्या बांधावर, मोहोळ त्याचं. मध मात्र त्याच्या एकट्याचा नव्हे. आग्या मोहोळ काढायचं काम गावातल्या कोणाचं नव्हतं. डोंगराकडची ठाकर माणसं हंगामात यायची, आधी झाड हेरायची आणि मग मालकाच्या दारात बसून बोलणी करायची. निम्मा मध त्यांचा, निम्मा मालकाचा. मालकाच्या वाट्यातून एक वाटी देवळात पंचामृताला जायची, एक वैद्याकडं आणि एक ज्या घरी बाळंतीण असेल तिथं. मेण जोडे शिवणाऱ्याकडं जायचं. तो दोरा त्यावरून ओढून घ्यायचा. कोणी हिशेब मागत नसे, कारण हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच व्हायचा.

दुसरा नियम काढण्याचा. अंधाऱ्या पक्षात, रात्री, ओल्यासुक्या पाल्याचा धूर करून माश्या बाजूला सारायच्या. पोळ्याच्या वरच्या अंगाला मधाचा जाड कांदा असतो तेवढा कापायचा आणि खालचा पिलाव्याचा, म्हणजे अंडी-अळ्यांचा, भाग फांदीलाच ठेवायचा. पुरतं खरवडून नेलं तर पुढच्या साली त्या झाडाला मोहोळ लागत नाही, असं जाणती माणसं सांगायची. आग्या माश्या वर्षानुवर्षं त्याच झाडाकडं परत येतात हे शास्त्रज्ञही सांगतात. गावाला ते नुसतं बघून कळलेलं होतं.

तिसरा नियम आम्हा पोरांसाठी: मोहोळाला दगड मारायचा नाही, मोहोळाच्या झाडाखाली जाळ करायचा नाही, आणि माश्या उठल्या तर ओरडत पळायचं नाही, घोंगडी डोक्यावर घेऊन खाली बसायचं. हा नियम ज्यानं मोडला त्याला घरी मार बसायचा. तो का बसायचा हे आम्हाला पुरतं कळायचं, कारण चिडलेल्या आग्या माशीनं लोळवलेला बैल आम्ही पाहिलेला असायचा.

या नियमांमागं नुसती भीती नव्हती, पोटाचा प्रश्न होता. माझे आजोबा घरचं कांद्याचं बी धरायचे. पावसाळा सरला, की चाळीतले निवडक गोट काढून विहिरीजवळच्या वाफ्यात लावायचे. माघात त्यांना दांडे यायचे आणि दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे फुलायचे. ऊन जरा वर आलं, की त्या वाफ्यावर माश्यांचा असा घोष सुरू व्हायचा, की विहिरीच्या थारोळ्यावर बसलेल्या माणसाला हाक मारावी लागायची. आजोबा वाफ्यात शिरायचे नाहीत, बांधावरूनच बघायचे. महिन्याभरानं एखादा गोंडा खुडून तळहातावर चोळायचे, फुंकर मारून फोलपटं उडवायचे आणि उरलेलं काळं बी बोटानं पसरून बघायचे. बी भरलेलं असलं तर म्हणायचे, "माशी कामाला होती." पोकळ निघालं तर आभाळाकडं बघायचे: ढगाळ हवा होती, माशी बाहेर पडली नव्हती. मधमाशीची हजेरी त्यांनी अशी बियावरून ओळखली, मधावरून नव्हे.

तेव्हाचं सगळंच चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. पलिते लावून अख्खं पोळं जाळणारेही होतेच. डंख झाला तर लोखंड घासायचं, चुना लावायचा, एवढाच इलाज. ज्याला डंखानं अंगभर गांधी उठून श्वास कोंडायचा त्याला बैलगाडीतून शिक्रापूरला न्यायला जो वेळ लागायचा त्यात फार काही हातात उरत नसे. आज त्याच रस्त्यावर दवाखाने आहेत आणि तिथं इंजेक्शन मिळतं. बाळगुटीत मध उगाळणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या. आज डॉक्टर सांगतात, की वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नका, त्यातून त्याच्या कोवळ्या आतड्यात विषारी जंतू वाढू शकतात. ही नवी समज मी मनापासून जुन्या चालीच्या वर ठेवतो.

सरकारदरबारी मधमाशीचं नाव तेव्हा नव्हतं, असंही नाही. 1928 सालच्या शेतीविषयक रॉयल कमिशनच्या अहवालात मधमाशीपालन हा शेतकऱ्याच्या हाताला जोडधंदा म्हणून सुचवलेला होता. 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कामांतही मधमाशीपालन आलं. महाबळेश्वरच्या जंगलात पेट्या लागल्या, तिथं मधपाळांची सहकारी सोसायटी उभी राहिली, खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथंच आलं. आणि 1962 साली पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. सणसवाडीच्या फाट्यावरून शिवाजीनगरची एसटी धरली, की त्या संस्थेचं दार फार लांब नव्हतं.

तरी ते दार आमच्या गावानं ठोठावलं नाही, याला कारण होतं. पेटीत राहते ती सातेरी माशी. ती अंधाऱ्या ढोलीत एकाशेजारी एक अशी सात-आठ पोळी बांधते, म्हणून तिला चौकटींची पेटी मानवते. तिचं खरं माहेर सह्याद्रीचं रान. आमच्या माळावर राज्य होतं आग्या आणि फुलोरीचं. या दोघी उघड्यावर एकच पोळं बांधतात. त्यांना पेटीत कोंडता येत नाही. म्हणून पेटीची योजना, पेटीचं कर्ज, पेटीचं प्रशिक्षण हे सगळं घाटमाथ्यावरच्या, रानातल्या गावांसाठी झालं आणि शिरूर-दौंडच्या माळाला त्याची हाक कधी आली नाही. आमची माशी सरकारी कागदात बसत नव्हती. तिला सांभाळणारा नियम होता तो फक्त गावाचा.

तो नियम कोणी मुद्दाम मोडला नाही. तो ज्या गोष्टींवर उभा होता त्या एकेक करून गेल्या. चासकमान धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या शिरूर तालुक्यात फिरलं आणि जिथं पोचलं तिथं ऊस आला. पाण्यानं घरं वर आली, पोरं शिकली. त्या पाण्याला मी नावं ठेवणार नाही. पण ऊस फुलायच्या आधी तुटतो. जिथं करडई, जवस, कारळा, मटकी यांची आळीपाळीनं फुलं असायची तिथं मधमाशीच्या दृष्टीनं वर्षभर हिरवं वाळवंट झालं. रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, सणसवाडीत कारखाने आले, जमिनीचे तुकडे झाले आणि बांध पुसले गेले. नगर रस्ता रुंद होत गेला तशा वडा-चिंचा पडल्या. मोहोळाचं झाडच गेलं, मग झाडाच्या मालकाचा वाटा तरी कुठला?

कांद्याचं बी दुकानातून पाकिटात येऊ लागलं तेव्हा वाफ्यावरच्या घोषाशी आमचा संबंध तुटला. भाजी आणि फळबागेत फवारे आले. दक्षिणेत 1991-92च्या सुमारास थायी सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या. अळ्या पेशीतच पाण्याच्या पिशवीगत होऊन मरायच्या. घाटातल्या मधपाळांनी तो मार सोसला. माळावर रोगाची वाट बघावी लागली नाही, इथं फवारा पुरला. शेजारच्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आहेत, तिथं उन्हाळ्यात वेगळंच दिसतं. रानात फूल उरलेलं नसतं, तेव्हा माश्या काकवीच्या वासानं येतात आणि काहिलीत, मळीच्या फेसात हजारोंनी मरून पडतात. गुळव्या झाऱ्यानं त्या मळीबरोबर बाजूला काढतो. भुकेली माशी कुठवर जाते हे तिथं कळतं.

आता आजचं सांगतो, आणि आधी चांगलंच सांगतो, कारण चांगलं खरोखर पुष्कळ आहे.

पेटी अखेर माळावर आली. ती आणली डाळिंबानं, टरबूज-खरबुजानं आणि कांद्याच्या बीजोत्पादनानं. या पेट्यांत बहुधा इटालियन माशी असते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हिमाचलातल्या नगरोटा इथं ती आपल्या देशात रुजवली गेली. सातेरीची पेटी वर्षाला साधारण पाच-दहा किलो मध देते. इटालियनची, फुलोरा साधला, तर पंचवीस-तीस किलोंच्या पुढंही जाते. पण तिचे लाड करावे लागतात. फुलोरा संपला की पेट्या रात्री गाडीवर घालून दुसऱ्या पिकावर न्याव्या लागतात, पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावा लागतो, मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागतात, आणि मेणकिडा, वेडा राघू यांच्यावर डोळा ठेवावा लागतो.

माझ्या पुतण्यानं डाळिंबात पेट्या ठेवल्या तेव्हा मी त्याच्याबरोबर उभा राहून पाहिलं. स्मोकरमध्ये गोणपाटाचा तुकडा धुमसत होता. त्यानं झाकण उचललं, दोनदा धूर दिला आणि पटाशीनं मधली फ्रेम सोडवून उन्हात धरली. मधोमध अळ्यांच्या पेशी, त्यांवर तपकिरी टोपण. त्याभोवती परागाचा पिवळा-नारिंगी पट्टा. आणि वरच्या कोपऱ्यात मोहरबंद मध, पांढऱ्या मेणाखाली. लहानपणी जे पोळं आम्ही कंदिलाच्या उजेडात कापलेलंच पाहायचो ते इथं जिवंत, न दुखावता, हातात होतं. मध काढायचा तर फ्रेम यंत्रात घालून फिरवायची, मध बाहेर, पोळं शाबूत आणि पिलाव्याला धक्का नाही. ठाकरांनी जो पिलावा श्रद्धेनं फांदीला ठेवला तो आज यंत्रानं राखता येतो. ही प्रगती आहे.

आणि त्या पेटीच्या मागं आज हात पुष्कळ आहेत. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे: निम्मं अनुदान, निम्मी स्वतःची गुंतवणूक, प्रशिक्षण, आणि मध हमी भावानं घ्यायची तयारी. वैयक्तिक मधपाळ व्हायला लिहिता-वाचता येणं आणि 18 वर्षं पुरी असणं पुरतं. केंद्रचालकाला 10वी पास आणि 21 वर्षांची अट आहे. चौकशी करायची तर जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. केंद्राच्या खादी आयोगानं 2017 साली हनी मिशन काढून पेट्या वाटल्या. फलोत्पादन अभियानाच्या 2014च्या सूचनांत परागीभवनासाठी वसाहत आणि पेटी या दोन्हींवर 40 टक्के मदत होती, एका लाभार्थ्याला 50 वसाहतींपर्यंत. 2020 साली राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला 500 कोटी रुपये मंजूर झाले. 7 एप्रिल 2021 रोजी मधुक्रांती पोर्टल सुरू झालं. मधपाळानं आपली आणि आपल्या पेट्यांची नोंद तिथं करायची, म्हणजे बाटलीतला मध कुठून आला याचा माग पुढं काढता येतो. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत आणि कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन संचालनालय शेजारच्या राजगुरुनगरला आहे. आजोबांना बी पोकळ निघालं तर आभाळाकडं बघावं लागायचं. आज विचारायला माणूस आहे.

2022च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मागोमाग भुदरगडातलं पाटगाव आलं. मांघरची बातमी वाचून मला आनंद झाला तो मधामुळं नाही, 'गाव' म्हणून त्याचा विचार झाला यामुळं. एका घराला पेटी देऊन न थांबता सगळ्या गावानं माशीभोवती उभं राहायचं, ही कल्पना आमच्या पारावरच्या नियमांच्या अगदी जवळची आहे.

मधाच्या बाटलीचेही नियम झाले. पूर्वी मध खरा की खोटा याची परीक्षा काढणाऱ्याच्या तोंडावर असायची. फार तर कोणी कागदावर थेंब टाकून बघायचं. आता अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक बाटलीवर हवा. 1 जुलै 2020पासून सुधारित मानकं लागू झाली: पाण्याचा अंश 20 टक्क्यांच्या वर नको, साखरेच्या पाकांची भेसळ शोधणाऱ्या चाचण्या हव्यात. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं 13 ब्रँडांचे नमुने तपासून त्यातले 10 शुद्धतेत नापास झाल्याचं सांगितलं. कंपन्यांनी ते नाकारलं. वाद काहीही असो, शिरूरच्या बाजारात आपल्या दोन-चार पेट्यांचा मध विकणाऱ्या बाईला या नियमांचा आधारच आहे. स्वस्त पाकाशी तिनं भाव लढवायचा कसा, याचं उत्तर कडक तपासणीतूनच येईल.

म्हणजे पेटीला नियम आहे, बाटलीला नियम आहे. मधे जे शिवार आहे त्याचं काय?

पुतण्याच्या पेट्यांवर जे गुदरलं ते शिवारात गुदरलं. एका सकाळी पेट्यांच्या दारासमोर माश्यांचा सडा पडला होता. काही अजून जमिनीवर गरगर फिरत होत्या, पंख फाकलेले, जीभ बाहेर आलेली. आत राणी आणि कोवळ्या माश्या होत्या. बाहेर कामाला गेलेली पिढीच्या पिढी संपली होती. लांबच्या एका शेतात आदल्या दिवशी भर फुलोऱ्यात, सकाळच्या वेळी फवारणी झाली होती. फवारणाऱ्यानं औषध परवानाधारक दुकानातून घेतलेलं, मात्रा बरोबर, पावती हातात. त्यानं कुठला नियम मोडला म्हणायचा? त्याला इथं पेट्या आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं. गारपिटीनं बाग झोडपली तर तलाठी पंचनाम्याला येतो. या माश्यांचा पंचनामा कोणी केला नाही.

इथंच जुन्या आणि नव्या काळातला खरा फरक आहे. मधमाशी गट नंबर ओळखत नाही. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते, इटालियन दोन-तीन किलोमीटर. एका पेटीची माशी एका दिवसात पन्नास जणांच्या शेतात जाऊन येते. पेटी एकाची असली तरी तिचं पोट पन्नास जणांच्या हातात असतं, आणि तिच्यामुळं पन्नास जणांचं फळ धरतं. आजच्या योजना मात्र एका अर्जदाराला, एका आधार क्रमांकाला, एका सातबाऱ्याला दिलेल्या आहेत. जुना नियम माणसाला लागू नव्हता, शिवाराला लागू होता. तेवढंच नेमकं आपल्या हातून सुटलं.

औषधाच्या डब्यावरचं चिन्ह घ्या. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण 1968च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनी छापावाच लागतो आणि शेतकऱ्याला तो ओळखता येतो. पण तो त्रिकोण सांगतो औषध माणसाला किती विषारी आहे ते. माशीबद्दलची सूचना असते ती आतल्या घडीच्या कागदावर, बारीक अक्षरात: फुलोऱ्यात फवारू नये, मधमाश्यांना घातक. हिरवा त्रिकोण बघून निर्धास्त झालेला माणूस तो कागद उघडतच नाही. दुकानदारानं औषध देताना एवढं एक वाक्य तोंडी सांगितलं तरी कितीतरी पेट्या वाचतील.

मला वाटतं, सणसवाडीसारख्या गावानं आता नवीन योजनेची वाट बघत बसू नये. जे कायदे आहेत त्यांतच शिवाराचा नियम पुन्हा मांडता येतो. ग्रामसभेला ठराव करता येतो: पीक फुलात असताना फवारायचं झालं तर सूर्य मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर, आणि आदल्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गट नंबर, पीक, औषध एवढं टाकायचं. मधपाळाला तेवढा निरोप पुरतो. तो रात्री पेट्यांची दारं जाळीनं बंद करतो किंवा पेट्या हलवतो. पूर्वी बैलाच्या दावणीशी उभं राहून शेजाऱ्याला जसं सांगितलं जायचं तसंच आज फोनवर सांगायचं आहे.

2002च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. त्या नोंदवहीत मोहोळाची झाडं लिहायला काय हरकत आहे? कुठल्या चिंचेला आग्या लागतं, कुठल्या पुलाखाली, कुठल्या टाकीला, कोणत्या महिन्यात. राज्याचा 1964चा वृक्षतोड नियमन कायदा आंबा, चिंच, जांभूळ तोडायला परवानगी घ्यायला लावतो. ही तिन्ही माशीची झाडं आहेत. नोंदवहीत मोहोळ लिहिलेलं असेल तर त्या परवानगीच्या अर्जासमोर गावाला ठेवायला काहीतरी पुरावा असेल. जवळच मोराची चिंचोली आहे. तिथल्या लोकांनी चिंचा राखल्या म्हणून मोर राहिले आणि मोर बघायला माणसं येऊ लागली. झाड राखलं तर गावाच्या पदरात काय पडतं हे आमच्याच तालुक्यानं दाखवलेलं आहे.

कारखान्यांशीही बोलावं लागेल, आणि भांडणाच्या सुरात नाही. कारखान्यांच्या आवारांत हरित पट्टा राखावा लागतो. तिथं शोभेच्या, न फुलणाऱ्या झाडांऐवजी करंज, कडुनिंब, शिरीष, जांभूळ, शेवगा लावला तर फाल्गुन-चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे शिवार कोरडं पडतं नेमक्या त्या दिवसांत, माशीला चारा मिळेल. तीच माशी मग गुऱ्हाळाच्या काहिलीत जाऊन मरणार नाही. शेडच्या तुळईला आग्या मोहोळ लागलं तर विषाचा फवारा मारण्याआधी मोहोळ हलवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवावं. कामगारांच्या जिवाची काळजी रास्तच आहे. शिवनेरीवर माश्या उठून लोक जखमी झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण ती काळजी घ्यायचा विषाशिवाय दुसरा मार्ग आता शिकवला जातो आणि तो शिकायला गावातलीच पोरं तयार होतील. पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातून हातानं काम करणारी कितीतरी मुलं शिकून बाहेर पडली. तालुक्यात हुन्नर आहे, त्याला हे काम दाखवायला हवं.

आणि शेवटी वाटा. परागीभवनासाठी पेटी भाड्यानं नेणारा शेतकरी आज भाडं देतो, पण शेजारच्या ज्यांच्या शेतावरून माशी फिरते त्यांच्या हाती काही पडत नाही. मधपाळानं हंगाम संपल्यावर आसपासच्या घरांना वाटीवाटीनं मध दिला तर त्यानं त्याचा व्यापार बुडणार नाही. उलट पुढच्या वेळी फवारणीचा निरोप न मागता येईल. पारावरची जुनी माणसं वाटीभर मध देऊन एवढंच मिळवत होती: मोहोळ ज्याच्या झाडाला आहे त्याच्याइतकीच त्याची काळजी बाकीच्यांनाही वाटावी.

आजोबांच्या काळात माशीला वाली होता गाव, आणि शास्त्र आमच्या फाट्यापासून पुढं निघून जायचं. आज शास्त्र, अनुदान, नोंदणी, प्रयोगशाळा सगळं दाराशी आलं आहे आणि गाव मागं सरकलं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असलेला काळ सणसवाडीनं अजून पाहिलेला नाही. तो आणायला दिल्ली-मुंबईचा शिक्का लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवावा लागतो आणि तो मांडणाऱ्याच्या मागं चार माणसांनी उभं राहावं लागतं. मी त्या चौघांत उभा राहीन.